चंद्याची चादर पसरण्याआधी

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच हात वर करायला सांगते. गेल्या महिनाभरात तुमच्यापैकी किती जणांच्या मोबाईलवर ‘दर्दमंदाना अपील’ आलं? कुणाच्या अब्बांचं ऑपरेशन, कुणाच्या बाळाच्या हृदयाला छिद्र, सोबत नळ्या लावलेला फोटो आणि खाली बँकेचा खाते क्रमांक. बघा, जवळजवळ सगळेच हात वर आहेत. आता दुसरा प्रश्न. ते अपील पुढे पाठवण्याआधी किती जणांनी विचारलं, की रुग्णालय कोणतं आहे? सरकारी योजनेत आहे का? ट्रस्टचं आहे का? रेशनकार्ड दाखवलं का? दोनच हात दिसतायत. मला आज जे सांगायचंय ते या दोन प्रश्नांच्या मध्येच आहे.

माझीही गोष्ट अशाच अपीलची आहे. मी कॉलेजात होते. अब्बा शिलाई मशीनवर काम करायचे. एका रात्री छातीत कळ आली, आम्ही त्यांना जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तपासण्या झाल्या आणि सांगितलं, बायपास करावी लागेल, आधी पैसे भरा. भाईजानने दुसऱ्या दिवशी अपील लिहिलं. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात चादर पसरली. लोकांनी दिलं, अगदी दहा-दहा रुपयेसुद्धा दिले. अम्मीच्या बांगड्या गेल्या. मामूंनी व्याजाने पैसे आणून दिले, आणि ते व्याजाचे आहेत हे आम्हाला फार उशिरा सांगितलं. ऑपरेशन झालं, अब्बा वाचले. अल्लाहचे आभार आणि त्या लोकांचेही.

दीड वर्षाने मी एका संस्थेच्या मदतकेंद्रात काम शिकायला लागले. तिथे पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर एक यादी आली: आमच्या शहरातल्या धर्मादाय रुग्णालयांची. त्यात ते रुग्णालय होतं. कायद्याने तिथल्या काही खाटा आमच्यासारख्यांसाठीच राखीव होत्या. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. फलक होता, पण पाण्याच्या यंत्रामागे होता. आम्ही त्याच्यासमोर अकरा दिवस बसलो होतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला असता, तर आम्ही दुर्बल घटकात नक्की बसलो असतो. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही.

त्या दिवशी मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं माहीत आहे? अम्मीच्या बांगड्यांचं वाटलंच. पण त्याहून जास्त त्या दहा-दहा रुपयांचं वाटलं. ते देणाऱ्यांत हमाल होते, भाजी विकणारे होते. कुणी जकात दिली, कुणी सदका दिला. गरिबाच्या हक्काचा तो पैसा गरिबाच्या हातून गेला आणि जमा कुठे झाला? जे बिल कायद्याने कमी व्हायला हवं होतं, त्या बिलात. तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत फिरते: चंद्याची चादर जरूर पसरा, पण ती शेवटी. आधी चार दारं ठोठवा. ती दारं कोणती, ते सांगते.

पहिलं दार सरकारी दवाखान्याचं. महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची जी रुग्णालयं आहेत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. लक्षात ठेवा, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि महापालिकेची रुग्णालयं वेगळ्या विभागांकडे आहेत. तिथे थोडं शुल्क असू शकतं, पण तेही खासगीच्या मानाने फारच कमी.

बाळंतपणाचं तर त्याहून जुनं आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ सालापासून चालू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन झालं तरी, मोफत. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून नेणं आणि परत आणून सोडणं, सगळं त्यात आहे. आजारी बाळाला वर्षभरापर्यंत उपचार मोफत आहेत. तरी आपल्या मोहल्ल्यात बाळंतपणासाठी भिशी फोडतात, सोनं गहाण ठेवतात. मी कारण विचारते तेव्हा बायका सांगतात, ‘तिथे ओरडतात.’ खरं आहे, काही ठिकाणी ओरडतात. बुरखा पाहून, भाषा ऐकून टोमणेही मारतात, हे मी स्वतः ऐकलंय. पण ओरडणाऱ्या माणसाची लेखी तक्रार करता येते. सोबत शिकलेली मुलगी असली की आवाज आपोआप खाली येतो, हेही मी पाहिलंय. तुमच्यातल्या मुलींना मी म्हणूनच सांगते, तुमचं नुसतं सोबत जाणंसुद्धा मोठी मदत आहे.

दुसरं दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. ही योजना आधी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला फुल्यांचं नाव मिळालं. सुरुवातीला पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्यांसाठी, वर्षाला प्रत्येक कुटुंबाला दीड लाखापर्यंत उपचार होते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली. तिची मर्यादा पाच लाखांची, पण तिची यादी वेगळी होती. २०२० मध्ये राज्यात दोन्ही योजना एकत्र चालवायला सुरुवात झाली. मग जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला, की फुले योजनेतही पाच लाखांचं संरक्षण द्यायचं आणि ते पांढऱ्या कार्डवाल्यांसह सगळ्या रहिवाशांना द्यायचं. १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. १,३५६ उपचार त्या यादीत घेतले गेले: बायपास, अँजिओप्लास्टी, कर्करोगाची केमोथेरपी, डायलिसिस, भाजलेल्यांवरचे उपचार. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली.

मूत्रपिंडाचा विषय निघाला की मला नेहमी हमीद दलवाई आठवतात. १९७७ मध्ये, वयाच्या अवघ्या चव्वेचाळीसाव्या वर्षी, ते मूत्रपिंडाच्या आजारानेच गेले. त्या काळात या आजाराचा उपचार म्हणजे ओळखी आणि मित्रांची मदत. आज डायलिसिसला बसणारा रिक्षावाला कुणाची ओळख न लावता बसतो. हा फरक छोटा नाही. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, जे चांगलं झालं ते चांगलं म्हणायला आपली जीभ अडखळू नये.

आता या दाराची कडी कशी काढायची ते ऐका. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. दाखल होतानाच त्याला गाठायचं. रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. तो नोंद करतो, उपचाराची मंजुरी मागवली जाते, पैसे परस्पर रुग्णालयाला जातात. ‘आधी भरा, नंतर बघू’ असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. ही योजना रोख न भरता उपचार घेण्याची आहे. एकदा पावती फाडलीत की ते पैसे परत मिळवणं फार कठीण. तातडीचं असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. रुग्णालय योजनेत आहे की नाही हे १५५३८८ या क्रमांकावर विचारता येतं. आयुष्मानसाठी १४५५५. हे दोन क्रमांक आत्ता, याच क्षणी मोबाईलमध्ये टाका. मी थांबते.

आणि घरात सत्तरीच्या पुढचे दादा-दादी, नाना-नानी असतील, तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान योजनेत घेतलं जातं. त्यांचं कार्ड वेगळं काढावं लागतं. आधार कार्ड घ्या आणि काढून द्या. ईदला त्यांना दिलेल्या कपड्यांपेक्षा हे जास्त कामी येईल.

तिसरं दार धर्मादाय रुग्णालयाचं. मी जे चुकले ते हे. ट्रस्टच्या रुग्णालयांना करात आणि बाकी गोष्टींत सवलती मिळतात. त्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१कक प्रमाणे त्यांच्यावर बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये त्याची रीतसर योजना ठरली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, उपचार मोफत. आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी, सवलतीच्या दरात. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. उत्पन्नाची मर्यादा अलीकडे वाढवून निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार केली आहे. शिलाईवाला, लूमवर काम करणारा, फेरीवाला, मदरशात शिकवणारे मौलवीसाहेब, आपल्यातली कितीतरी घरं यात बसतात.

तिथे जाऊन काय करायचं? वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारायचं. निर्धन रुग्ण निधीचा अर्ज मागायचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड जोडायचं. रुग्ण तातडीचा असेल तर त्याला दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यावेच लागतात, आणि अशा रुग्णाकडे आधी अनामत रक्कम मागता येत नाही. ‘खाट रिकामी नाही’ असं म्हणाले तर ते लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या. हे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं.

चौथं दार औषधांचं. योजना बहुतेक दाखल झालेल्या रुग्णाच्या असतात. रोजच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या त्यात येत नाहीत. आणि घराला पोखरतात त्या याच, थोड्या थोड्या करून. २००८ मध्ये सुरू झालेल्या जन औषधी केंद्रांत त्याच मूळ औषधाच्या गोळ्या कितीतरी स्वस्त मिळतात. डॉक्टरांना अदबीने विचारा, ‘डॉक्टरसाहेब, मूळ औषधाचं नाव लिहून द्याल का?’ क्षयरोगाची औषधं तर सरकारी केंद्रात पूर्ण मोफत आहेत, आणि पोषणासाठी महिन्याला हजार रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. लूमच्या गावांत, दाटीवाटीच्या खोल्यांत हा आजार किती आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. लाजेपोटी लपवून खासगीत पैसे घालवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

चार दारं झाली. पण या दारांवर आपण अडतो कुठे? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त अडतो नावावर. हसू नका, खरं सांगते. रेशनकार्डावर ‘शेख मो. युसुफ’, आधारवर ‘मोहम्मद युसूफ शेख’, शाळेच्या दाखल्यावर ‘शेख युसुफ अब्दुल’. माणूस एक, संगणकाला वाटतं तिघं. सून लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्या कार्डावर. लेकरू चार वर्षांचं, अजून कुठल्याच कार्डावर नाही. रुग्ण अतिदक्षता विभागात आणि आपण झेरॉक्सच्या दुकानात. हे काम आजारपणाच्या आधी करायचं असतं. त्यात आपल्या लोकांच्या मनात कागदांची एक भीती बसली आहे. कुणी कागद मागितला की छातीत धस्स होतं. ती भीती उगाच आलेली नाही, मी तिची चेष्टा करणार नाही. पण त्या भीतीपोटी कागद तसेच पडू देणं आपल्यालाच महाग पडतं.

परराज्यातून आलेल्यांचं काय, हा प्रश्न भिवंडी-मुंब्र्यात हमखास येतो. बिहार, उत्तर प्रदेशातल्या कुटुंबाचं आयुष्मान कार्ड तिकडे निघालं असेल, तर ते इथल्या आयुष्मानच्या रुग्णालयात चालतं. फुले योजनेसाठी मात्र इथला रहिवासी असल्याचा पुरावा लागतो.

आता थोडं कडू बोलते. हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, मग प्रश्नच मिटला. मिटलेला नाही. सरकारचाच हिशोब सांगतो, की २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून थेट जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आलं. कमी झालं, मान्य. तरी शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून आजारी माणसाच्या खिशातून जातात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटलं होतं, की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. कार्ड वाटणं सोपं आहे. वॉर्डात रात्री परिचारिका असणं, सोनोग्राफीचं यंत्र चालू असणं, खिडकीवर औषध असणं, याला पैसा लागतो आणि कुणीतरी सतत विचारणारं लागतं. विमा हातात आहे आणि जवळ चांगलं रुग्णालयच नाही, तर त्या कार्डाचं काय करायचं?

विचारणाऱ्याने काय होतं, याची एक गोष्ट सांगते. पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचे एक शेतमजूर होते. जुलै १९९२ मध्ये ते रेल्वेतून पडले, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. शेवटी खासगी रुग्णालयात सतराएक हजार रुपये खर्चून ते वाचले. तुमच्या-माझ्या घरात असं झालं असतं तर आपण म्हणालो असतो, ‘नशीब, जीव तर वाचला,’ आणि कर्ज फेडत बसलो असतो. ते शेतमजुरांच्या संघटनेचे सभासद होते, आणि ती संघटना त्यांना घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. मे १९९६ मध्ये निकाल लागला: तातडीच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार न देणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही हे सरकारचं निमित्त चालणार नाही. त्यांना पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. पण या निकालाचा आधार आज या देशातल्या प्रत्येक रुग्णाला आहे, मग त्याचं नाव काहीही असो.

मला ही गोष्ट फार प्रिय आहे. एका गरीब मुसलमान मजुराने मजूर म्हणून, नागरिक म्हणून प्रश्न विचारला आणि उत्तर सगळ्यांच्या उपयोगी पडलं. आपल्या चळवळीला मी हेच सांगेन. मदतकेंद्र काढा, पण त्याच्या दारावर कौम लिहू नका. आमच्या केंद्रात शेजारच्या वस्तीतल्या कांबळेमावशी येतात, परदेशी भय्या येतात. जिल्हा रुग्णालयातलं बिघडलेलं यंत्र सगळ्यांसाठीच बिघडलेलं असतं. त्यासाठी निवेदन द्यायला आपण सगळे मिळून गेलो, की साहेबांनाही उठून बोलावं लागतं.

आणि जकातीचं काय? जकात बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. योजना जिथे संपतात तिथे तिची खरी गरज लागते. रुग्णासोबत थांबलेल्या बाईची बुडालेली मजुरी, तिकडे घरात चूल, मुलांची फी, घरी गेल्यावर लागणारी दूध-अंडी, हे कुठल्याच कार्डात बसत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या जमातीने आता एक साधा नियम केला आहे. अपील आलं की आधी आम्हाला फोन येतो. चारही दारं ठोठावून झाली का, ते आम्ही पाहतो. नंतर चादर पसरते. इमामसाहेबांनी हा नियम जुम्म्याच्या बयानात सांगितला, तेव्हा मागे बसलेल्या अब्बांनी घरी येऊन मला एवढंच विचारलं, ‘बेटा, माझ्या वेळी हे असतं तर?’ मी काय उत्तर देणार होते?

जाता जाता प्रत्येकाला एक काम देते. या रविवारी आपल्या गल्लीतली पाच घरं घ्या. प्रत्येक घरी रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नावं जुळतात का बघा. जुळत नसतील तर दुरुस्तीचा अर्ज भरून द्या. सुनेचं आणि लेकरांचं नाव चढवा. सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढा. दारामागे एका कागदावर ते दोन क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, उर्दूत आणि मराठीत. अडलात तर आम्हाला विचारा. पुढच्या शिबिरात मी पुन्हा हात वर करायला सांगणार आहे.